न बोलता होणारा सौदा

बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मुखदुर्बळ माणसाला चार शब्द बोलण्यास उद्युक्त करावे, हा तिचा हेतू. परंतु दुसऱ्याचे बोलणे ज्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्यामुळे ज्याच्या स्वतःच्या तोंडून ते स्पष्टपणे उमटतही नाही, अशा माणसाने बाजारात काय करावे, याचा विचार त्या म्हणीत नाही. तो बाजारातही फारसा झालेला नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर नाहीच नाही; कारण हा बाजार जवळजवळ सर्वस्वी बोलण्यावर चालतो.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख ७१ हजार व्यक्तींची नोंद श्रवणदोषाखाली, तर सुमारे १९ लाख ९८ हजार व्यक्तींची नोंद वाणीदोषाखाली झाली. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आणि त्यांपैकी एक टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्या उमेदवारांच्या वाट्यास दिला. ही तरतूद न्याय्यच आहे. तथापि तिच्यात सामावणाऱ्यांची संख्या मर्यादितच राहणार, हे उघड आहे. उरलेल्यांपुढे खासगी चाकरी, हातकसब किंवा लहानसहान व्यापार एवढेच मार्ग उरतात. त्यांत जुन्या वस्तूंचा धंदा थोडक्या भांडवलावर उभा राहू शकतो. बंद पडलेला पंखा, गंजलेली सायकल, शिवणयंत्र, घड्याळ यांना पुन्हा कामाला लावण्यास हात आणि डोळे तयार असावे लागतात. कान नसले तरी बरेच काही साधते. अडचण सुरू होते ती वस्तू दुरुस्त झाल्यावर, ती विकताना.

शिवाय हा प्रश्न केवळ पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पथारी टाकणाऱ्यांपुरता नाही. प्रत्येक कुटुंब केव्हा ना केव्हा विक्रेते बनतेच. बदली होते, मोठ्या घरातून लहान घरात जावे लागते, मुलांची पुस्तके निरुपयोगी होतात, आणि मग कपाट, फ्रिज, दुचाकी, रद्दी यांना गिऱ्हाईक शोधणे भाग पडते. दारी येणारा रद्दीवाला, भंगारवाला आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यांच्याशी होणारी घासाघीस हा आपल्या घरगुती अर्थव्यवहाराचाच एक भाग आहे. कर्णबधिर कुटुंबालाही त्यातून सुटका नाही.

भाव ठरतो तो शब्दांतून

नव्या वस्तूच्या वेष्टनावर किंमत छापलेली असते. गिऱ्हाइकाने वस्तू उचलावी, पैसे ठेवावेत आणि निघावे. शब्दाची गरज पडत नाही. जुन्या वस्तूचे तसे नसते. ती किती वर्षे वापरली, कोणी वापरली, मध्यंतरी उघडली होती काय, आणि मुळात ती विकायची का, या प्रश्नांच्या उत्तरांतून तिची किंमत हळूहळू आकारास येते. ‘घरचीच वस्तू आहे, बाहेर कधी दिली नाही,’ एवढ्या एका वाक्याने गिऱ्हाइकाच्या मनातील आकडा वर चढतो. हे वाक्य ज्याला उच्चारता येत नाही, त्याची वस्तू तितकीच चांगली असूनही ‘कुठून तरी आणलेली’ ठरते.

घासाघीस म्हणजे केवळ आकड्यांची देवघेव नव्हे. तीत स्वराचे चढउतार असतात, थट्टा असते, लटका राग असतो. ‘सहाशे’ हा शब्द ठासून म्हटला की तो अखेरचा ठरतो आणि लांबवून म्हटला की आणखी बोलण्यास वाव आहे असे कळते. कर्णबधिर विक्रेता हाच आकडा पाटीवर किंवा मोबाइलच्या गणकयंत्रावर दाखवतो, तेव्हा त्यातील हा सारा मऊपणा निघून जातो. कोरा आकडा पाहून काही गिऱ्हाइके त्याला उद्दामपणा समजतात, तर काही त्याच आकड्याला शेवटचा समजून पाठ फिरवतात.

आणि पाठ फिरवणे हाच तर घासाघिशीचा कळीचा क्षण! गिऱ्हाईक दोन पावले पुढे जाते, मान न वळवता ‘साडेचारशेला देता का?’ असे विचारते, आणि मुरलेला विक्रेता तेवढ्यात त्याला हाक मारून परत बोलावतो. जुन्या बाजारातील कितीतरी सौदे या दोन पावलांत मिटतात. कर्णबधिर विक्रेत्याला पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत आणि त्याला थांबवण्यासाठी हाक मारणेही जमत नाही. जो सौदा होण्याच्या बेतात होता, तो फिसकटला असे समजून तो वस्तू खाली ठेवतो.

काही वस्तूंची तर परीक्षाच कानाने होते. रेडिओ, ध्वनिवर्धक, मिक्सर, पंखा, दुचाकी यांचा आवाज ऐकल्याविना कोणी पैसे काढत नाही. पितळेच्या घागरीला किंवा चिनी मातीच्या बरणीला टिचकी मारून तिला तडा आहे की नाही हे ठरवले जाते. कर्णबधिर कारागीर यंत्रावर तळहात ठेवून त्याची कंपने जाणतो आणि बिघाड ओळखतोही. पण ‘आवाज जरा खरखरीत येतो’ अशी तक्रार गिऱ्हाइकाने केली, तर ती खरी की भाव पाडण्यासाठी केलेली, हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तेथे त्याला समोरच्याच्या सचोटीवर विसंबावे लागते, आणि भाव करणारे गिऱ्हाईक सचोटीची परीक्षा देण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असते.

डोळ्यांवर दुहेरी भार

ऐकू येणारा पथारीवाला एका गिऱ्हाइकाशी बोलत असताना दुसऱ्याकडे नजर ठेवू शकतो आणि तिसऱ्याच्या प्रश्नाला मान हलवू शकतो. कर्णबधिर विक्रेत्याला संभाषण आणि राखण ही दोन्ही कामे डोळ्यांनीच करावी लागतात. चिठ्ठी वाचायची म्हणजे मालावरची नजर काढायची. मालावर नजर ठेवायची म्हणजे समोरचा काय म्हणतो ते सोडून द्यायचे. संध्याकाळी उजेड कमी झाला की ओठांच्या हालचाली आणि हातांच्या खुणा दोन्ही दिसेनाशा होतात, आणि नेमक्या त्याच वेळी बाजारात गर्दी वाढते. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, मुखपट्ट्यांमुळे ओठ वाचून अर्थ लावण्याचा आधारही तुटला होता.

‘लिहून द्यावे म्हणजे झाले,’ असा सल्ला सहजपणे दिला जातो. तो पुरेसा नाही. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेक मुलांची भाषा घडण्याची पहिली वर्षे निदान होण्यातच निघून जातात. पुढे शाळेत दीर्घकाळ उच्चारांच्या सरावावर भर दिला गेला आणि खुणांच्या भाषेला दुय्यम मानले गेले. परिणामी मराठी वाचण्या-लिहिण्याचा पाया अनेकांच्या बाबतीत कच्चा राहिला. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरणही मराठीहून वेगळे आहे. तिच्यात विचार करणारा माणूस मराठीत लिहितो तेव्हा विभक्तिप्रत्यय गळतात, क्रियापद भलत्या जागी येते. असे वाक्य वाचून गिऱ्हाईक त्याला अडाणी समजते, आणि अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला कमी भाव देण्यात बाजाराला संकोच वाटत नाही. ‘मुका’ हा शब्दही असाच गैरसमज पसरवतो. बहुसंख्य कर्णबधिरांच्या स्वरयंत्रात दोष नसतो. शब्द ऐकलाच नाही म्हणून तो उच्चारता येत नाही, इतकेच.

आकड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. आकडे दोन्ही बाजूंना सारखेच कळतात. म्हणून बहुतेक सौद्यांत चिठ्ठीपेक्षा गणकयंत्र अधिक उपयोगी पडते, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मध्यस्थ नावाचा खर्च

या अडचणीवर कुटुंबे जो उपाय योजतात तो म्हणजे मध्यस्थ. शेजारी, नातलग, बहुधा घरातील ऐकू येणारे मूल. आईवडील कर्णबधिर आणि दहा वर्षांची मुलगी भंगारवाल्याशी भाव करते आहे, असे दृश्य मग दिसते. मुलीला पितळेचा भाव ठाऊक नसतो; आईवडिलांना तो ठाऊक असतो, पण ते बोलू शकत नाहीत. व्यापारी मुलीला हसून गप्प करतो आणि सौदा उरकतो. मुलीच्या वयाला न शोभणारे ओझे तिच्यावर पडते आणि आईवडिलांचे ज्ञान वाया जाते.

मोठ्या माणसाने मध्यस्थी केली, तर निराळीच गोष्ट घडते. गिऱ्हाईक त्याच्याकडेच वळते. ‘हे किती घेणार, विचारा यांना,’ असे विक्रेत्याच्या समोर, पण त्याला वगळून बोलले जाते. मध्यस्थाने दहा वाक्यांच्या संभाषणाचा सारांश दोन खुणांत द्यावा आणि मालकाने त्याला मान डोलवावी, एवढेच मग उरते. सौद्यातून मिळणाऱ्या पैशांचा काही भाग मध्यस्थाकडे जातो हे एक वेळ समजण्याजोगे आहे. परंतु आपल्या वस्तूचा भाव आपण ठरवला, हे समाधानही त्याच्याबरोबर जाते.

पडद्यावरचा बाजार

संगणक आणि मोबाइल आल्यावर ही सारी अडचण संपेल, अशी अपेक्षा होती आणि ती अनाठायी नव्हती. ओएलएक्ससारख्या संकेतस्थळांवर जुन्या वस्तूचे छायाचित्र, वर्णन आणि किंमत देता येते; संदेश लिहून विचारपूस करता येते. कर्णबधिर विक्रेत्याला यापेक्षा सोयीचा बाजार कोणता असणार? प्रत्यक्षात मात्र गिऱ्हाइकाचा दुसरा-तिसरा संदेश ‘फोन करा’ असा असतो. फोन उचलला गेला नाही, किंवा ‘कृपया संदेशच पाठवा’ असे उत्तर गेले, की संशय सुरू होतो. फसवणूक टाळायची तर विक्रेत्याशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे, हा सल्ला आता सर्वतोमुखी झाला आहे. तो योग्यही आहे. परंतु जो बोलू शकत नाही तो त्या कसोटीने आपोआप लबाड ठरतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गिऱ्हाईक घरी येण्याचे ठरले, तरी इमारतीखाली उभे राहून ते फोनच करते. वरच्या मजल्यावर विक्रेता वाट पाहत बसलेला असतो आणि खाली गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलेले असते.

पैसे चुकते करण्याची यंत्रणाही अशीच कानाला धरून उभारलेली आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच हातगाड्यांवर आणि दुकानांत रक्कम मोठ्याने सांगणारी यंत्रे दिसू लागली. पैसे दिल्याचा खोटा पडदा दाखवून फसवणाऱ्यांपासून विक्रेत्याला वाचवणे हा त्यांचा एक मोठा उपयोग. गर्दीतही ‘रक्कम मिळाली’ हे त्याला ऐकू येते. ज्याला ते ऐकू येत नाही, त्याला प्रत्येक वेळी स्वतःचा मोबाइल उघडून खात्री करावी लागते. तोवर घाईत असलेले गिऱ्हाईक आपला पडदा नाचवून चालते होते. अशा ठगांची तक्रार तात्काळ करण्यासाठी १९३० हा मदत क्रमांक आहे. पण तोही बोलणाऱ्यांसाठी. लेखी तक्रारीसाठी सरकारी संकेतस्थळ आहे खरे, परंतु पैसे खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी अडवायचे असतात तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

टाकून दिलेल्या यंत्रांचा इतिहास

दूरध्वनीची ही भिंत पूर्वी अमेरिकेतही होती, आणि तिला पहिले खिंडार पाडले ते कर्णबधिरांनीच, तेही जुन्या वस्तूंच्या साहाय्याने. रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टंकलेखित अक्षरांचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करून ते साध्या दूरध्वनीवरून पाठवण्याची युक्ती काढली. १९६४ साली त्याने कॅलिफोर्नियात जेम्स मार्स्टर्स या कर्णबधिर दंतवैद्याशी त्या मार्गाने संभाषण केले. दोन्ही टोकांना यंत्रे होती ती मोडीत निघालेली, अवजड दूरमुद्रके. अँड्र्यू सॅक्स हे त्यांचे तिसरे सहकारी, तेही कर्णबधिरच. १९६८ साली तेथील मोठ्या दूरध्वनी कंपनीने आपली बाद झालेली दूरमुद्रके कर्णबधिरांना देण्याचे मान्य केले, त्यांच्या वाटपासाठी त्याच वर्षी संस्था स्थापन झाली, आणि स्वयंसेवकांनी ती धूड यंत्रे गोळा करून, दुरुस्त करून घरोघर पोहोचवली. भंगारात जाणाऱ्या मालातून एका समाजाने आपला दूरध्वनी उभा केला.

तरीही एक अडचण उरलीच. असे यंत्र दोन्ही बाजूंना असेल तरच संभाषण होई. यंत्र नसलेल्या, ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलायचे तर मध्ये अक्षरे वाचून दाखवणारा आणि उत्तर टंकित करणारा कोणी तरी हवा. हे काम स्वयंसेवक करीत. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि ही मध्यस्थ सेवा पुरवण्याची जबाबदारी दूरध्वनी कंपन्यांवर आली. १९९३ पासून ती देशभर उपलब्ध झाली. यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. कर्णबधिरांची कल्पकता त्यांना एकमेकांपर्यंत पोहोचवू शकली. ऐकू येणाऱ्या जगापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र त्या जगावर कर्तव्य लादावे लागले.

हातांची भाषा बाजाराला नवी नाही

भारतात असे कर्तव्य सांगणारा कायदा नाही असे नव्हे. २०१६ च्या कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत लेखन, दृश्य मजकूर, खुणा आणि सांकेतिक भाषा यांचा स्पष्ट समावेश आहे. सेवा पुरवणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही संस्थांनी आपल्या सेवा दिव्यांगांना सुलभ कराव्यात, असेही तो सांगतो. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत दिव्यांगांना योग्य स्थान देण्यास सांगितले आहे.

याहून जुने कायदे पाहिले तर आश्चर्य वाटावे. १८७२ च्या करार कायद्याने शब्दांविना, कृतीतून दिलेली संमती मान्य केली. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रीचा करार लेखी असू शकतो, तोंडी असू शकतो, किंवा दोन्ही पक्षांच्या वर्तनावरूनही सिद्ध होऊ शकतो. १८७२ च्याच पुरावा कायद्याने, जो बोलू शकत नाही अशा साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष ‘तोंडी पुरावा’ मानली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. न्यायालय ज्या खुणेला शब्दाचा दर्जा देते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास बाजाराने कचरावे, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

आणि बाजाराला तरी हाताच्या भाषेचे वावडे कोठे आहे? गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून हजारोंचे भाव ठरवत आले. शेतमालाच्या बाजारांतही ‘हत्ता’ या नावाने ही पद्धत रूढ होती, आणि तिच्यामुळे शेतकऱ्याला भाव कळत नाही म्हणून तिच्यावर टीकाही झाली. तोंडातून अवाक्षर न काढता बोटांवर झालेला तो सौदा कोणालाही अपुरा वा संशयास्पद वाटला नाही. कारण तो करणाऱ्या दोघांनाही खुणा ठाऊक होत्या. भाव लपवण्यासाठी जी विद्या व्यापाऱ्यांनी आनंदाने शिकून घेतली, तीच भाव उघडपणे सांगण्यासाठी शिकणे अवघड का वाटावे?

करण्याजोगे थोडेच आहे

यासाठी मोठा खर्च लागत नाही. जाहिरातींच्या संकेतस्थळांनी ‘फक्त संदेश’ हा पर्याय विक्रेत्याच्या नावाशेजारी ठळकपणे दाखवला आणि तो कशासाठी हे एका ओळीत सांगितले, तर संशयाचे एक कारण दूर होईल. रक्कम सांगणाऱ्या यंत्रावर मोठ्या आकड्यांचा पडदा व उजळणारा दिवा असणे हा नियम व्हावा. १९३० क्रमांकाच्या जोडीला तितक्याच तत्परतेने उत्तर देणारी संदेशसेवा असावी. जुना माल विकणाऱ्याकडे पोलीस तो कोठून आला याची चौकशी करतात. त्या वेळी सांकेतिक भाषेचा जाणकार उपलब्ध नसेल, तर प्रामाणिक माणूस निष्कारण चोर ठरतो. निदान जिल्ह्याच्या ठिकाणी अशा जाणकारांची यादी पोलीस ठाण्यांपाशी आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयांपाशी असावी.

शाळांचेही काम आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या केंद्राने, दिल्लीत २०१५ साली स्थापना झाल्यानंतर, २०१८ मध्ये तीन हजार आणि २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा दृश्य कोश सिद्ध केला. सारा कोश कोणी पाठ करावा अशी अपेक्षा नाही. परंतु शून्य ते शंभर हे आकडे, ‘किती’, ‘कमी’, ‘जुने’, ‘चालते’, ‘बिघडले’ आणि ‘धन्यवाद’ एवढ्या खुणा शिकवण्यास शिक्षकाला दोन तास पुरतील. कर्णबधिर मुलांच्या शाळांत पावती लिहिणे, वस्तूचे दोष-गुण चार मुद्द्यांत मांडणे आणि घासाघीस करणे यांचा सराव झाला, तर तो त्यांना आयुष्यभर पुरेल.

गिऱ्हाइकाकडून तर याहूनही कमी अपेक्षा आहे. उजेडाकडे तोंड करून उभे राहावे. ओरडू नये, त्याने ऐकू येत नाही, चेहरा मात्र वेडावाकडा होतो. आकडा गणकयंत्रावर दाखवावा. बरोबर कोणी मध्यस्थ असला तरी डोळे विक्रेत्याकडेच ठेवावेत. वस्तूच्या आवाजात दोष असेल तर असल्याचे, आणि नसेल तर नसल्याचे प्रामाणिकपणे सांगावे. पैसे दिल्यावर त्याची खात्री पटेपर्यंत क्षणभर थांबावे. आणि भाव न पटून निघताना मनात एखादा वाढीव आकडा असलाच, तर तो पाठमोरे न बोलता वळून बोटांनी दाखवावा. दहापैकी एखादा सौदा त्या एका वळण्याने जुळेल. महिन्याकाठी असे चार सौदे जुळणे किंवा फिसकटणे यावर पथारीवरच्या माणसाचे घरभाडे अवलंबून असते.